बुंध्यावरची की गवतातली

जबाब देणारीचं नाव ठाण्याच्या वहीत लिहून घेतलेलं आहे. त्या नावाने मला कोणी हाक मारत नाही. बाजारात आणि गल्लीत छत्रीवाली आजी म्हणतात, तेही लिहावं, नाहीतर उद्या घर शोधत फिराल. वय सत्तरीच्या पुढे. शिक्षण दुसरी, तिसरीत नाव घातलं होतं, पण गेले नाही. धंदा, रानातली अळंबी काढून बाजारात विकणे, हंगाम नसेल तेव्हा घरकाम. राहणार लाकडाच्या वखारीमागे, इस्त्रीवाल्याच्या डोक्यावरची खोली, जिना बाहेरून.

मी वरील बाई आज सकाळी आपल्या पायांनी ठाण्यात आले. मला कोणी बोलावलं नव्हतं. तपास करणाऱ्या बाईसाहेबांच्या समोर बसून, शुद्धीवर असताना, कोणाच्या शिकवण्यावरून नाही, पुढे लिहिल्याप्रमाणे सांगते. हवालदारसाहेब लिहून घेत आहेत. त्यांच्यासाठी हळू बोलायचं मी कबूल केलं आहे.

माझी नात काल संध्याकाळपासून याच ठाण्यात आतल्या खोलीत बसवलेली आहे. तिने नवऱ्याला जेवणातून विष घातलं अशी तिच्या सासूची तक्रार आहे. सासू म्हणजे माझ्या विहीणबाई. नातीने इथे सांगितलं की रविवारची अळंबीची भाजी तिने केली. ते खोटं आहे. भाजी मी केली. अळंबी मी काढली, मी निवडली, मी चिरली, मी शिजवली आणि मीच वाढली. नातीला अळंबीतलं ओ की ठो कळत नाही. लहानपणी मी शिकवायला गेले तर नाक मुरडून बसायची. ती खोटं का बोलली ते तिला विचारा. मला विचाराल तर ती मला वाचवायला बोलली, आणि नेहमीसारखं अर्धवट बोलली.

नातजावई लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामावर आहे. हात चांगला आहे असं लोक म्हणतात. दारू प्यायचा. गेल्या वर्षी मोटारसायकलसकट खड्ड्यात गेला, तेव्हा माझी पणती, नातीची मुलगी, त्याच्या पुढे टाकीवर बसलेली होती. तिच्या हाताचं हाड मोडलं. नात मुलीला घेऊन माझ्या खोलीवर आली आणि प्लास्टर निघेपर्यंत राहिली. मग हा एके दिवशी आला, माझ्या जिन्यावर खालच्या पायरीवर बसला, मुलीच्या प्लास्टरवर हात ठेवून म्हणाला की पुन्हा थेंब शिवणार नाही. रडलासुद्धा. इस्त्रीवाल्याने गिऱ्हाईक सोडून ऐकलं. नात परत गेली. माझं मत कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर कोणाला आवडलं नसतं.

तेव्हापासून घरात त्याची दारू सुटली असंच सगळे धरून चालले होते. नात कपडे शिवण्याच्या कारखान्यात जाते, तिची कामाची पाळी शाळा भरायच्या आधी सुरू होते. म्हणून मुलीला शाळेत सोडायचं काम त्याच्याकडे. मोटारसायकलवरून.

नातीची आई कुठे असते असं बाईसाहेबांनी विचारलं. ती नाही. माझी मुलगी तिच्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून बाजाराला गेली होती. तो प्यायलेला होता. त्याला खरचटलं. नात तेव्हा माझ्याकडे ठेवलेली होती, ती माझ्याकडेच राहिली. यावर मला जास्त काही सांगायचं नाही.

या महिन्याच्या सुरुवातीला पणती माझ्याकडे आली होती. मी अळंबीवरची माती ब्रशने काढत होते, ती शेजारी बसून देठ मोजत होती. बोलता बोलता म्हणाली की बाबा शाळेच्या आधीच्या वळणावर गाडी थांबवून खोकल्याचं औषध घेतात. बाटली सीटच्या खालच्या कप्प्यात असते. मी विचारलं, बाबा खोकतात का? तर म्हणाली, "नाही गं पणजी, औषध घेतात ना, म्हणून खोकला येतच नाही."

मुलगी तिच्या बापावर गेली नाही, डोकं चालतं.

मी नातीला सांगितलं. ती मशीनवरून येऊन पाय पसरून बसली होती. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, तू त्याला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहतेस. त्याने मुलीच्या हातावर हात ठेवून शब्द दिलाय. लहान पोर काहीही बोलतं." मी म्हटलं, बाटली बघ. तर म्हणाली, मी नवऱ्याच्या गाडीची झडती घेणार नाही, एकदा झडती घेतली की संसार संपला. हे तिचं बोलणं मला पटलं नाही, पण चुकीचंही म्हणता येत नाही. विहीणबाईंना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "माझा मुलगा आता दुधासारखा आहे." मी म्हटलं, दूध नासतं. त्यावर त्यांनी मला चहा विचारला नाही.

आता अळंबीचं. बाईसाहेबांनी सावकाश सांगायला सांगितलं आहे.

शाई होणारी अळंबी आमच्या बाजूला दोन प्रकारची येते. दोन्ही मी आज पहाटे काढून सोबत आणल्या आहेत, दोन कागदांत, टेबलावर ठेवल्या आहेत. पहिली गवतातली. ही उंच, पांढरी, टोपी मिटलेल्या छत्रीसारखी लांब, आणि तिच्या अंगावर लोकरीचे पिंजलेले पुंजके असतात. रस्त्याच्या कडेला, मैदानात, जिथे गवत कापतात तिथे येते. दुसरी बुंध्यावरची. झाड कापून बुंधा जमिनीत राहिला की काही वर्षांनी त्याच्या मुळांवर उगवते. एकेकटी कधी नाही, पाच-दहा जणी एकमेकींच्या अंगावर रेलून, बसमधल्या बायकांसारख्या. रंग राखाडी, टोपी गुळगुळीत, वरून हात फिरवला तर रेशमासारखी लागते, कडेला घड्या असतात. लोकर नाही, पुंजका नाही. फार तर टोकावर थोडे तपकिरी खवले. देठ पांढरा, पोकळ.

खायला दोन्ही चांगल्या. दोन्ही ताज्या असतानाच करायच्या, कारण दोन्ही थोड्या वेळात कडेपासून काळ्या पडतात आणि विरघळून शाई होतात. फरक एवढाच की गवतातली खाऊन माणूस काहीही करू शकतो. बुंध्यावरची खाऊन दारू प्यायची नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही जपून. प्यायली की तोंड आणि मान लाल होते, कान तापतात, छातीत धडधड होते, हातांना मुंग्या येतात, ओकारी होते, आणि तोंडात नाणं चघळल्यासारखी चव येते. काही वेळाने उतरतं. पुन्हा प्यायली की पुन्हा तेच. जो पीत नाही त्याला काही होत नाही. पोट भरतं, एवढंच.

हे मला माझ्या आईने सांगितलं. तिला तिच्या आईने. यात माझी हुशारी नाही. आमच्याकडे ही भाजी पाहुण्यांना करत नाहीत आणि करायची असेल तर ताटात पडायच्या आधी मोठ्याने सांगायची पद्धत आहे. ज्याने घेतली असेल किंवा घ्यायची असेल त्याने नको म्हणायचं. कारण विचारायचं नाही. नको म्हटलं की कळतंच.

रविवारी सकाळी मी वखारीपलीकडच्या रानात गेले. तिथे कंत्राटदाराने मागे झाडं पाडलेली आहेत, त्याचे बुंधे आहेत. जाताना मैदानाच्या कडेला गवतातली मिळाली, तीही घेतली. टोपलीत दोन्ही होत्या, मध्ये पानं घालून वेगळ्या ठेवलेल्या. तिथून थेट नातीकडे गेले. घरी नात, नातजावई, विहीणबाई आणि पणती अशी चार माणसं होती. नात मुलीचे केस धूत होती. विहीणबाई डाळ निवडत होत्या आणि कोणाशी तरी फोनवर भांडत होत्या. स्वयंपाकघरात मी एकटी होते.

मी टोपली ओट्यावर ठेवली. बुंध्यावरच्या निवडल्या, ज्या कडेला काळ्या पडायला लागल्या होत्या त्या बाजूला एका वाडग्यात टाकल्या. गवतातल्याही ज्या फार उघडल्या होत्या त्या त्याच वाडग्यात टाकल्या. वाडगा ओट्याखाली ठेवला, जाताना फेकायचा म्हणून, आणि विसरले. उरलेल्या गवतातल्या कागदात गुंडाळून टोपलीत ठेवल्या. बुंध्यावरच्या चिरल्या, कांदा आणि लसूण परतून त्यात घातल्या, मीठ, मिरी. सोबत भात. नातीने डोकं आत घालून विचारलं काय करतेस, मी म्हटलं भाजी. एवढंच तिचं त्या भाजीशी नातं.

ताटं घेतल्यावर मी सगळ्यांसमोर उभी राहून म्हटलं, "ही बुंध्यावरची अळंबी आहे. ही खाऊन दारू चालत नाही. कालची असली तरी नाही आणि उद्याची असली तरी नाही. ज्याला नको त्याने आत्ताच सांगा, मी डाळ वाढते. कोणी कोणाला काही विचारणार नाही."

पणतीला मी भाजी दिलीच नाही, लहान मुलांना मी रानातलं काही देत नाही. नातीने ताट पुढे केलं. विहीणबाईंनी मला हात करून थांबवलं आणि मुलाला म्हणाल्या, तुझं पोट कालपासून बरं नाही, तू डाळभात खा. त्याचं पोट बरं नाही हे त्याला तेव्हाच कळलं असावं, कारण तो आईकडे बघतच राहिला. मी डाळीच्या पातेल्यात पळी घातली. खरं सांगते, तेव्हा त्याने डाळ घेतली असती तर मला तेवढं पुरलं असतं. मी नातीला बाहेर नेऊन दोन शब्द बोलले असते आणि ही वेळ आली नसती.

पण नात त्याच्याकडे बघत होती. तो हसला आणि म्हणाला, "आजी, वाढा बिनधास्त. मी आता चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो." मी वाढली. विहीणबाईंनी त्याच्या ताटातली वाटी आपल्याकडे सरकवली, म्हणाल्या मला जास्त आवडते. त्याने ती परत ओढली. खाल्ली, आणि पुन्हा मागितली. नातीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी हरले. मी भात वाढत होते.

जेवण झाल्यावर तो गाडीची चेन सैल झाली म्हणून गॅरेजवाल्याकडे गेला. गॅरेजवाला त्याचा शाळेपासूनचा दोस्त. रविवारी गॅरेज बंद असतं, हे मला नंतर कळलं. दिवे लागायच्या सुमाराला परत आला, गाडी लोटत. मी अजून तिथेच होते. निघायला उशीर केला म्हणा, थांबले होते म्हणा. तोंड टोमॅटोसारखं झालं होतं, मानेपर्यंत लाल. छातीवर हात धरून दारातच बसला. ओकला. मी तोंड धुवायला पाणी दिलं तेव्हा म्हणाला, "आजी, जिभेवर पितळ ठेवल्यासारखं लागतंय." मला आणखी काही विचारायची गरज राहिली नाही.

मी नातीला म्हटलं, याने घेतली आहे. ती त्याचे बूट काढत होती. वर न बघता म्हणाली, "गप्प बस, आजी. आधी त्याला दवाखान्यात नेऊ दे." मी गप्प बसले. त्या वेळी तिचंच बरोबर होतं.

शेजाऱ्याच्या गाडीतून नेलं. डॉक्टरीणबाईंनी काय काय खाल्लं ते विचारलं, मी अळंबी सांगितली. त्यांनी त्याला विचारलं, दारू घेतली होती का, खरं सांगा, मी कोणाला सांगणार नाही. त्याची आई पायाशी उभी, बायको उशाशी. तो नाही म्हणाला. मी दारापाशी उभी होते. मी बोलले की याला विचारू नका, याचं रक्त विचारा. त्यावर विहीणबाई एवढ्या मोठ्याने रडल्या की सिस्टरने आम्हा दोघींना बाहेर काढलं. विहीणबाईंचा आवाज मुळातच गच्चीवरून बोलल्यासारखा. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, पण ते विषासाठी बघायला पाठवलं. त्यात त्यांची चूक नाही. खोट्या उत्तरावर औषध कोण देणार.

सोमवारी सकाळी तो ठणठणीत होता. उठून बसला, दाढी केली. त्याला आणखी एक दिवस ठेवून घेतलं. नात कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन दुपारी त्याच्यासाठी भाज्यांचं सूप घेऊन गेली. त्याने ते प्यायलं. थोड्या वेळाने पुन्हा तोंड लाल, पुन्हा धडधड, पुन्हा ओकारी. विहीणबाईंनी वॉर्डात सगळ्यांसमोर सांगितलं की दोनदा हिच्या हातचं खाल्लं आणि दोनदा पडला. ऐकणाऱ्याला पटेल असंच होतं ते. मलाही पटलं असतं, मी अळंबी ओळखत नसते तर.

पण नात यायच्या आधी गॅरेजवाला येऊन गेला होता. शेजारच्या खाटेवरच्या पाय मोडलेल्या रंगाऱ्याने मला हे सांगितलं. गॅरेजवाला संत्र्याच्या रसाची बाटली घेऊन आला होता आणि दोघे जिन्याकडे गेले होते. रंगारी म्हणाला, मी पण मागितला रस, तर दिला नाही, म्हणाला डॉक्टरांनी फक्त यालाच सांगितलाय. रंगाऱ्याला बोलवा, तो पडून आहे, कुठे पळणार नाही. गॅरेजवाल्यालाही बोलवा. तो पळेल, म्हणून त्याला आधी बोलवा.

विहीणबाई तिथून घरी गेल्या आणि त्यांना ओट्याखाली माझा वाडगा सापडला. तोवर त्याची काळी शाई झाली होती, वास येत होता. त्यांनी तो वाडगा झाकून ठाण्यात आणला, आणि तुम्ही तो सुनेने लपवलेलं विष म्हणून कपाटात ठेवला आहे. ते विष नाही. टेबलावरच्या या दोन कागदांतल्या अळंब्या तशाच राहू द्या, उद्यापर्यंत त्यांचंही तेच होईल. खाली काहीतरी ठेवा, नाहीतर तुमची फाईल जाईल.

विहीणबाईंवर माझा राग नाही, हे लिहावं. त्यांना मुलगा पितो हे माहीत होतं. ताटातली वाटी त्यांनी उगाच ओढली नाही. पण मुलगा प्यायला असं म्हणायचं की सुनेने विष घातलं असं म्हणायचं, यात त्यांनी सोपं ते उचललं. आई आहे. माझ्या मुलीच्या वेळी जावयाची आई पण असंच काहीतरी म्हणत होती, रस्त्यात वाळू होती म्हणून. पण काल संध्याकाळी त्यांनी पणतीला आपल्याजवळ ठेवून घेतलं आणि मला दारातून सांगितलं की विष घालणाऱ्या आईकडे पोर परत जाणार नाही, बाप घरी आला की तोच सांभाळेल. मी ठाण्यात आले ते यासाठी.

इथपर्यंत लिहून झाल्यावर बाईसाहेबांनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अशी अळंबी असते, त्यांनी वाचलेलं आहे, म्हणूनच दारूचं विचारलं होतं. त्या रक्तातलं थोडं अजून ठेवलेलं आहे, दारूसाठी तपासता येईल. पण अळंबी तीच होती हे कोण सांगणार, असं त्यांनी विचारलं.

मग बाईसाहेबांनी मला विचारलं, वाडग्यातली शाई बघून सांगता येईल का की कोणती अळंबी होती? मी सांगितलं, नाही. त्यात दोन्ही टाकल्या होत्या आणि दोन्हीची शाई सारखीच होते. भाजी सगळी संपली, पातेलं नातीने घासलं. म्हणजे ताटात कोणती होती हे फक्त तुमच्या सांगण्यावर, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, होय.

बाईसाहेब हुशार आहेत. त्यांनी बराच वेळ दोन्ही कागदांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आजी, टोपलीत गवतातली पण होती ना. ती खाऊन दारू प्यायली तरी काही होत नाही. तो माणूस पीत होता ही शंका तुम्हाला होती. मग तुम्ही ही दुसरीच का केलीत?"

हवालदारसाहेबांनी लिहिणं थांबवलं. त्यांनी मला समजावलं की आजी, दोन्ही एका टोपलीत होत्या, वय झालं, नजर कमी, घाईत सरमिसळ झाली असेल, असं होतं माणसाकडून. त्यांचा हेतू चांगला आहे. त्यांच्या घरीही कोणी म्हातारी असावी. पण सरमिसळ झाली नाही. माझी नजर दूरचं बघायला कमी आहे, हातातलं मला दिसतं. आणि डोळे नसते तरी हात फिरवून सांगितलं असतं, एक लोकरीची आणि एक रेशमाची.

बाईसाहेबांना मी उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहावं. तो पितो हे मला माहीत नव्हतं. मला ते माहीत करून घ्यायचं होतं. नातीला मी सांगितलं तर मी वाईट. बाटली शोधली तरी मी वाईट. पोरीचं बोलणं पोरीचं. म्हणून मी त्यालाच विचारलं. ताटातून विचारलं, मोठ्याने विचारलं, सगळ्यांसमोर विचारलं, आणि नको म्हणायला वाट ठेवली. त्याने उत्तर दिलं.

त्यात त्याचं बरंवाईट झालं असतं तर, असं बाईसाहेबांनी विचारलं. या अळंबीने कोणी मेलेलं मी पाहिलेलं नाही आणि माझ्या आईनेही पाहिलं नव्हतं. पण एखाद्याची छाती कमजोर असली तर काय होईल ते मला सांगता येत नाही. हा विचार भाजी चिरताना माझ्या मनात आला होता. आला नव्हता असं मी म्हणणार नाही. मग मला शाळेच्या आधीचं वळण आठवलं, आणि मी चिरत राहिले. यासाठी कायद्यात काही असेल तर ते मला लागू करावं. नातीला लावू नये. तिला भाजीत काय आहे ते जेवणाच्या ताटावर कळलं, आणि तिने तीच भाजी खाल्ली. ज्याला विष घालायचं त्याच्या पातेल्यातलं आपण खात नाही.

नातीला समोर आणलं तेव्हा ती मला म्हणाली, "कशाला आलीस? मी सांगितलं होतं ना मी केली म्हणून. मला दोन दिवसांत सोडलं असतं. तुझं वय आहे का हे?" मी म्हटलं, दोन दिवसांत तो घरी आला असता, तुझ्या आधी. ती खाली बसली. मग तिने विचारलं, तो खरंच प्यायला होता का. मी म्हटलं, रक्ताला विचार. तिने हवालदारसाहेबांकडे पाणी मागितलं आणि आपला आधीचा जबाब बदलायचा आहे असं सांगितलं. तो वेगळा लिहिला जाईल.

एक गोष्ट मला कोणी विचारली नाही, ती मी आपण होऊन सांगते. मोटारसायकलची किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी तो दारात बसला होता तेव्हा त्याच्या हातातून पडली, मी उचलली आणि कोणाला दिली नाही. विहीणबाईंनी घरभर शोधली. चोरी म्हणायची असेल तर म्हणा. ती मी आत्ता या टेबलावर ठेवते. सीटखालच्या कप्प्याला हीच किल्ली लागते, कोणाला तरी पाठवून उघडून घ्या. नंतर ती कोणाला द्यायची ते तुमच्यावर आहे. प्यायलेल्याला दिलीत, तर पुढचा जबाब मी देणार नाही, तुम्ही द्यायचा.

हवालदारसाहेबांनी वरचा सगळा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी ऐकला. माझ्या तोंडचा आहे, फक्त शिव्या गाळल्या आहेत, त्याला माझी हरकत नाही. भाजी केल्याच्या वाक्यात त्यांनी बुंध्यावरची अळंबी "चुकून" शिजवली असं लिहिलं होतं. तो शब्द मी खोडायला लावला. त्यांनी पुन्हा एकदा विचार करा म्हणून सांगितलं, बाईसाहेबांनीही सांगितलं, नातीने हात धरला. मी ओळखायला चुकले असेन, तर मग तो कशाने पडला हे कोण सांगणार? शब्द खोडला आहे, खोडल्याच्या शेजारी माझी सही आहे, आणि खालीही तीच.